बाहेरून कुलूप

मी आयुष्यात एकदाच घरी बसून खऱ्या एकाग्रतेने काम केलं, आणि त्या दिवशी आमच्या घराचं छप्पर गेलं.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत मी नकाशे काढायच्या कामावर लागलो होतो. नोकरी टेम्पररी. आमच्या घराण्यात सरकारी पगार घेणारा मी पहिलाच, त्यामुळे ‘टेम्पररी’ हा शब्द घरात कोणी मोठ्याने उच्चारत नसे. त्यातून शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेलेले. अशात मोर्शीकडच्या एका नाल्यावरच्या पुलाचा नकाशा शाईने उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

“सोमवारी मी हा नकाशा घेऊन अकोल्याला मोठ्या साहेबांकडे चाललो आहे,” हेडबाबू म्हणाले. “साफ निघाला तर तुम्हाला कायम करण्याची गोष्ट काढतो.”

“साहेब, इथे कचेरीत फार गलका असतो. लक्ष लागत नाही,” मी म्हणालो. (त्या गलक्यातला निम्मा माझाच असे, हे मी सांगितलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.)

“मग घरी न्या. पण सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे!”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पक्के नकाशे तेव्हा कागदावर नाही, खळ लावलेल्या तलम, आरपार दिसणाऱ्या कापडावर काढत. एखादा बिघडला, तर कचेरीतली माणसं ते कापड घरी नेत. गरम पाण्यात भिजवून बडवलं, की खळ जाई, शाई जाई आणि सुरेख मलमल हाती येई. ही माहिती मी कौतुकाने घरी सांगितली होती. कशाला सांगितली!

आमचं घर दोन खोल्यांचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. शनिवारी मी पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि मनापासून कामाला लागलो. म्हणजे, पेन्सिलींना टोकं काढली. टेबल खिडकीजवळ नेलं. उजेड फार वाटला म्हणून परत आणलं. तीन पेले पाणी प्यालो. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या अंगणातून वास आला. चांदूर बाजारहून आलेली माझी आत्या कुरड्यांचा चीक शिजवत होती. गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट! शासनाला माझ्याकडून एवढा त्याग अपेक्षित नसेल, असं मी स्वतःला समजावलं.

चीक खाऊन परत बसलो तो बोट तेलकट. ते बोट कापडाला लागलं, शाई पसरली आणि मोर्शीच्या नाल्याचा तलाव झाला.

आत्या दारातून पाहत होती. “बिघडला काय रे सुखा?”

“बिघडला.”

“बरं झालं बापा! मले बाळाच्या झबल्याले कापड पाह्यजेच होतं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. होणारं मूल मोठं होऊन विचारील, ‘बाबा, तुम्ही कायम का नाही झालात?’ आणि मी काय सांगणार? चीक?

रविवारी सकाळी मी शांताला बोलावलं. “मले या खोलीत कोंड. मधल्या दाराले तिकून कडी लाव, रस्त्याच्या दाराले कुलूप. दिवेलागणीपर्यंत उघडाचं नाही.”

“अन तुमी बोलावलं तं?”

“मी बोलावीनच! पाणी मागीन, पोट दुखते म्हणीन, बोंबलीन. मले मी चांगला ओळखतो. तरी उघडाचं नाही.”

“बोलाचं तरी?”

“एक शब्द नाही.”

“बरं जी,” शांता म्हणाली आणि तिने कुलूप लावलं. मला वाटतं, थोडी खूश होऊनच.

आणि काय सांगू! उपाय लागू पडला. दुपार कलेपर्यंत नवीन कापडावर अख्खा पूल उभा राहिला. कमानी देखण्या, नाला नाल्याएवढा. फक्त खालचं शीर्षक राहिलं होतं. शाई वाळल्यावर मी नकाशाची गुंडाळी करून बाजूला ठेवली आणि रद्दी कागदावर अक्षरं गिरवू लागलो. इतकी एकाग्रता की स्वतःचंच कौतुक वाटावं.

खिडकीच्या गजांशी आत्या आली. “सुखा, कालचं ते खराब कापड दे. पानी तापलं.”

“आत्या! बोलाचं नाही म्हणून सांगतलं ना!” मी मान वर न करता ओरडलो आणि हाताला लागली ती गुंडाळी गजांतून बाहेर खुपसली.

“बरं बापा. आता मेली तरी बोलनार नाही.”

अक्षर मनासारखं जमलं. मी नकाशा घ्यायला हात पुढे केला, गुंडाळी उलगडली आणि आतून तलाव निघाला. कालचा! तेलकट बोटासकट!

“शांता! दार उघड! नकाशा गेला!”

मधल्या दारापलीकडे बांगड्या वाजल्या. बस, तेवढंच.

“अवं खरंच गेला! आत्याले थांबव! नोकरी जाते माही!”

माझा आरडाओरडा ऐकून शेजारचे गुलाबराव रस्त्यावरून पुढच्या दाराशी आले. शांता मागून वळसा घालून तिकडे गेली असावी, कारण दोघांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

“वहिनी, माणसाले कोंडून कावून ठेवलं?”

“काम करून राहिले ते.”

“मंग बोंबलून कावून राहिले?”

“बोंबलीन म्हनून पहिलेच सांगतलं होतं त्यायनं.”

“असं काय! मंग बरोबर हाय,” असं म्हणून गुलाबराव निघून गेले.

मी खिडकीशी धावलो. अंगणात आत्या दगडावर पांढरं कापड ठेवून मोगरीने बडवत होती. शेजारी गरम पाण्याची वाफ! प्रत्येक दणक्याला माझी एकेक कमान कोसळत होती.

“आत्या, थांब! तो पूल हाय!”

आत्याने माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि दुप्पट जोराने मोगरी हाणली.

आता एकच वाट होती. टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर मी चढलो आणि कवेलू सरकवून डोकं बाहेर काढलं. खांदे निघाले, कंबर निघाली. नेमका तेव्हाच बांबू मोडला. कवेलूंच्या लोंढ्याबरोबर मी उतारावरून घसरत गेलो आणि अंगणातल्या बाजेवर पडलो. बाजेवर कुरड्या वाळत होत्या. कुर्रर्रम!

आत्याने मौन सोडलं. “माय वं! माह्या कुरड्या!” (माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.)

मी तसाच उठलो, आत्याच्या हातातलं ओलं कापड हिसकावलं, छातीशी धरलं आणि रडायलाच लागलो. मग उलगडून पाहिलं. नाडी होती. तो माझाच लेंगा होता.

“मंग नकाशा कुठे हाय?” मी कसंबसं विचारलं.

शांताने माझ्याकडे पाहिलं. “आता बोलू काय?”

“बोल, माये, बोल!”

ती आत गेली, पेटी उघडली आणि लग्नातल्या शालूच्या घडीतून तिने गुंडाळी काढली. कोरडी. स्वच्छ. सगळ्या कमानी जागच्या जागी.

“आत्यानं आनला तवाच मी उलगडून पाह्यला. काल तलाव होता, आज नाला हाय. म्हटलं, हा काही धुवाचा नाही.”

“अवं, मग मले सांगाचं नाही काय?”

“तुमीच तं म्हनलं, एक शब्द नाही.”

मी त्या चुऱ्यातच मटकन बसलो. गुडघा सोललेला, डोक्यात कवेलूची माती. पण इतका मोकळा श्वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. शीर्षक मी संध्याकाळी मागच्या खोलीत, चुलीजवळ बसून लिहिलं. एका बाजूला आत्या कुरड्यांसाठी हळहळत होती, दुसऱ्या बाजूला परत आलेले गुलाबराव पोट धरून हसत होते आणि शांता सगळ्यांना चहा देत होती. कचेरीपेक्षा मोठा गलका! आणि अक्षर असं उतरलं, की तसं पुन्हा जमलं नाही.

अकोल्याच्या साहेबांना नकाशा पसंत पडला. मी कायम झालो. छप्पर घरमालकाने माझ्या खर्चाने नीट केलं. दिवाळीनंतर मुलगी झाली. तिच्या पहिल्या झबल्यावर, पोटापाशी, तलाव फिकट निळा राहून गेला होता.

पूल अजून उभा आहे. मोर्शीला जाताना एसटी त्याच्यावरून गेली, की मी अभिमानाने खिडकीतून खाली नाल्याकडे पाहतो. आणि शांता, काही न बोलता, वर गाडीच्या छताकडे.