मोहाच्या झाडाखाली फिलासफी

आमच्या गावात कुणाला ‘फिलासफर’ म्हटलं, की समजायचं, या माणसाला कामाला लावण्यात अर्थ नाही. चिखलणीत मध्येच बसकण मारून बांधाकडे बघत राहणाऱ्या बैलालाही आमच्याकडे म्हणतात, ‘याची फिलासफी सुरू झाली.’ सुट्ट्या पैशांवरून वाद घालणाऱ्याला एसटीचा कंडक्टर म्हणतो, ‘भाऊ, फिलासफी खाली उतरून झाडा.’

मला या शब्दाचे हे हाल बघवत नसत. संघटनेच्या शिबिरात मी शिकले होते, की तत्त्वज्ञान म्हणजे आपण का जगतो, कसं जगायला हवं आणि तसं आपल्याला कोण जगू देत नाही, याचा मुळापासून विचार. शेवटचा भाग बहुधा आमच्या शिबिरानेच जोडलेला. पत्रकं लिहायलाही मी तिथेच शिकले. एका पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की टोपली घेऊन जंगलात जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे तिचं तत्त्वज्ञान असतं. आईला मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “टोपलीत मावते का थे?”

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या गावची एक बाई मोहफुलं वेचताना वाघानं नेली. सोबतच्या बाया दोन-चार झाडं पलीकडे गप्पा मारत होत्या. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं म्हणतात. आमच्या घरची मोहाची झाडं त्याच रानाला लागून. त्या दिवसापासून मला एकच दिसत होतं. आई जाणार.

मग शहरातल्या कुठल्याशा संस्थेची माणसं जीपमधून आली. समाजमंदिरात बैठक झाली. मागे बॅनर: ‘सहजीवन हेच आमचे तत्त्वज्ञान’. त्याखाली उभे राहून साहेब म्हणाले, “वाघ आपला शत्रू नाही. आपण फक्त दृष्टिकोन बदलायला हवा.”

आमच्या शेजारची काकी पदर सावरत उठली. “साहेब, वाघाचा बी बदलून द्या ना थोडासा.”

सगळे हसले. साहेबही हसले. मला हसू आलं नाही. मी उठले आणि बोलले. जंगल राखलं कुणी, मरतं कोण, सहजीवनाची जबाबदारी फक्त टोपलीवालीवरच का, सगळं बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, “ताई, हे सगळं तत्त्वज्ञान झालं. आपण व्यवहाराचं बोलूया.”

तत्त्वज्ञानाच्या बॅनरखाली उभा राहून माणूस मला हे सांगतो! त्यांचं ते तत्त्वज्ञान बॅनरवर छापायचं, आणि माझं ते खाली बसायला सांगायचं. मी हे बोलायला पुन्हा उठत होते, तोवर साहेबांनी व्यवहार खोक्यातून बाहेर काढला. प्लास्टिकचे मुखवटे. डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे, म्हणजे वाघाला वाटेल माणूस आपल्याकडेच बघतोय. सगळ्यांवर एकाच पुरुषाचा चेहरा, गोरा, जाड मिशांचा. “व माय, फुकटचा नवरा भेटला,” काकी म्हणाली, आणि पुन्हा हशा.

त्याच संध्याकाळी मी बायांना जमवलं. ठराव मांडला: वाघ पकडेपर्यंत कुणीही मोह वेचायला जायचं नाही, आणि बुडालेल्या मोसमाची भरपाई सरकारनं द्यायची. सगळ्यांनी हात वर केले. आईनंही केला. त्या रात्री मी गाढ झोपले.

पहाटे टोपलीच्या आवाजानं जाग आली. आई दारात उभी राहून मुखवट्याची दोरी बांधत होती.

“काल हात वर केला होता ना तू?”

“केला ना.”

“मग?”

“तू आमच्यासाठी इतकी बोलून राह्यली होती. हात खाली ठेवला असता तं तुले वाईट वाटलं असतं.”

मी तरीही बोलले. ठराव, एकजूट, जीव. ती दोरीची गाठ आवळत म्हणाली, “मोह थांबते का तुह्या ठरावासाठी? आज पडला थो आज वेचा लागते. नाई तं गुरं खाते.”

“मग मी पण येते.”

“चाल. मी वेचतो, तू उभी राह्य.”

ती पुढे, मी काठी घेऊन मागे. सगळ्या वाटेनं तो मिशीवाला माझ्याकडे बघत होता. बाकीच्या घरांतूनही टोपल्या निघाल्या होत्या. काल हात वर केलेल्या सगळ्या. काकीनं मला पाहून नजर चुकवली, आणि तिच्याही डोक्यामागून तोच चेहरा माझ्याकडे बघू लागला.

झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. आई वाकली, आणि मला दिसलं. ती वाकली, की मुखवटा थेट आभाळाकडे बघायचा. नेमका वेचतानाच तो वाघाकडे बघत नव्हता. हे साहेबांना सांगायला हवं होतं, पण जीप केव्हाच गेली होती. आईला सांगितलं. ती म्हणाली, “मालूम आहे मले.”

“मग बांधला कायले?”

“काई तं असाव.”

रानात पानांची सळसळ झाली. मी काठी घट्ट धरली. वारा असावा.

“चूप नको राहू,” आई खालूनच म्हणाली. “बोलत राह्य. आवाजानं थो येत नाई.”

“काय बोलू?”

“तुही फिलासफीच बोल. पण जोरानं बोल.”

मला आठवलं, त्या बाईच्या जवळही बाया बोलतच होत्या. हे आईलाही ठाऊक होतं. मी पत्रक म्हणायला लागले, पहिल्या ओळीपासून, घोषणेच्या आवाजात, समोरच्या झाडांना. जल, जंगल, जमीन. टोपलीवालीचं तत्त्वज्ञान. घसा सुकला तरी म्हणत राहिले. मागण्या संपल्या, शेवटची घोषणा संपली. टोपली अजून अर्धीच होती.

“काऊन थांबली?” आईनं विचारलं. तिची मान खाली होती, मिशीवाला वर बघत होता.

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले.