जांभळी बेलबॉटम घालून वणीला

नाशिकहून वणीला कसं जायचं, असं बरेच जण विचारतात. सांगतो. पण काय घालून जायचं नाही ते आधी सांगतो, कारण त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरला एका कारखान्यात लेथ मशीनवर होतो आणि येत्या रविवारी आईबरोबर वणीला मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. मुलीचा फोटो पाकिटात होता, आणि तो दिवसातून चारदा बाहेर निघत होता. तिने मला नाही म्हटलं तर, ही धास्ती होती. मग उपाय एकच उरला: हिरोसारखं दिसायचं.

मेन रोडच्या एका गल्लीत सलीममास्तर बसायचे. पडद्यावरचा कुठलाही कपडा हुबेहूब शिवून देत. त्यासाठी पिक्चर दोनदा बघत, एकदा शर्टासाठी आणि एकदा पँटसाठी. माझी अडचण अशी की मला हवा तो पिक्चर अजून लागायचा होता. टॉकीजवर फक्त पेंटरने रंगवलेलं भलंमोठं पोस्टर चढलं होतं. हिरोच्या अंगात जांभळा सूट, आणि डावा पाय थेट आपल्या तोंडावर लाथ मारायला उगारलेला. मास्तरांनी रस्त्यापलीकडून एक डोळा मिटून ते पोस्टर नीट न्याहाळलं आणि वहीत आकडे लिहिले.

"मास्तर, जमेल ना?"

"बेटा, खुद्द हिरो फसेल."

कोटाची ऐपत नव्हती, म्हणून नुसती पँट शिवली. शनिवारी ती हातात आली. जांभळी टेरिकॉट, आणि मोहऱ्या एवढ्या घेरदार की आत बूट आहेत यावर विश्वास ठेवावा लागे. वर खांद्यापर्यंत कॉलरचा पिवळा शर्ट. आई म्हणाली, "पडदे कुणाकडचे काढून आणलेस रे?"

तर रस्ता असा. सातपूरहून शहर बसने सीबीएस स्टँड, तिथून सकाळची वणीची एसटी. डावीकडची खिडकी धरा, रामशेज किल्ला दिसतो. म्हसरूळ सुटलं की वारा मोकळा लागतो. मला मात्र त्याचं सुख नव्हतं, कारण इस्त्री मोडू नये म्हणून मी दीड तास सीटवर अर्धाच टेकलो होतो. हे कुणी करू नये.

कंडक्टर दोनदा म्हणाला, "ओ हिरो, पँट आत घ्या, माणसं अडकून राहिलीत!"

दिंडोरीला गाडी दहा मिनिटं थांबली. तिथे चहा आणि गरम पाववडा घेतला. आईने बसून खाल्ला, मी उभ्याने.

वणी स्टँडवरून मुलीचं घर चालत पंधरा मिनिटांवर, शेताच्या कडेने. वाटेत पाण्याचा पाट होता. मी ऐटीत उडी मारली. मी पलीकडे पोचलो, मोहऱ्या मात्र पाटात भिजून आल्या.

"या, या. लय दमले असाल," मुलीचे वडील म्हणाले. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. त्याला हात जोडताना माझी नजर त्या कोटाच्या नेटक्या बेतावर गेली आणि आज पहिल्यांदाच स्वतःकडे बघून लाज वाटली.

सुनंदा आली, पोह्यांच्या बशा ठेवून समोर बसली. ती गावात शिवणाचा क्लास घ्यायची. आईने स्वयंपाकाचं विचारलं. मग तिचे वडील मला म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं असंल तर विचारा."

मी बशीतले शेंगदाणे वेचू लागलो.

"मी विचारू?" सुनंदा म्हणाली. "तुमची डावी मोहरी उजवीपेक्षा मोठी का आहे?"

मी खाली पाहिलं. खरंच चांगली दोन बोटं मोठी होती.

"जरा चालून दाखवा," ती म्हणाली.

त्या काळी मुलीला चालायला सांगत, पायात काही दोष नाही ना हे बघायला. मुलाला असं कुणी सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं. "सुनंदे!" वडील दटावून म्हणाले. आईने पोह्यांचा चमचा खाली ठेवला.

मी उठलो. दारापर्यंत गेलो, परत आलो. ओल्या मोहऱ्या फटाफट वाजत होत्या. परत फिरताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाथ! पुढे आलेला पाय पेंटरने मोठा काढला आणि मास्तरांनी तो तसाच मापून घेतला. फॅशन आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण मी खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हंजी हे लाथंचं माप हाय का!" वडिलांना हसू आवरेना. आई तर पदर तोंडाला लावून हसली. सुनंदाने मान खाली घातली होती, खांदे हलत होते.

परतीच्या गाडीत मी सीटवर ऐसपैस बसलो. आता कसली इस्त्री! आपलं काम बिघडलं, याबद्दल मला शंका नव्हती, आणि फार वाईट वाटत होतं.

शुक्रवारी पिक्चर लागला. सूट राखाडी निघाला. साधा, दोन्ही पाय सारखे.

पुढच्या आठवड्यात वणीहून पोस्टकार्ड आलं: मुलीला मुलगा पसंत आहे.

आता इंदिरानगरातल्या आमच्या घरून गाडीने तासाभरात वणी येतं, रस्ता चांगला झालाय. आम्ही दोघं वर्षातून एकदा जातो. मागच्या खेपेला दिंडोरीत चहा पिताना मी सुनंदाला पहिल्यांदाच विचारलं, की त्या अवतारात मी तुला पसंत पडलो तरी कसा?

ती म्हणाली, "तुमच्याआधी तिघं येऊन गेले होते. तिघांनीही मला चालून दाखवायला लावलं. तुम्हाला मी सांगितलं, तर तुम्ही मुकाट्याने उठून चाललात."