मानेने दिलेली पोच

मी जन्मात एकच गोष्ट धड शिकलो आणि तीच घरात चुकलो. हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण मी भित्रा आहे.

देशाची दारं नुकतीच उघडली होती. तंजावरच्या आमच्या कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले होते आणि पोरं पदवी हातात पडताच बंगळूरची बस धरत होती. मी तिथेच मास्तर. एका कंपनीने आम्हांला काम दिलं होतं: अजून जन्माला न आलेल्या चिपची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करायची. चिपमध्ये चार प्रोसेसर, मेमरी सगळ्यांची मिळून एक. दर वेळी मेमरीपर्यंत जायला उशीर लागतो, म्हणून प्रत्येक जण लागणाऱ्या आकड्यांची प्रत आपल्याजवळ, कॅश नावाच्या छोट्या साठ्यात, ठेवतो. एकाने आकडा बदलला की बाकीच्यांना कळवायचं, तुमची प्रत शिळी झाली, खोडा. त्यांनी पोच द्यायची. सगळ्यांची पोच आली की मगच पुढे जायचं. माझ्या नकलेत पोच सगळ्यांची यायची, आणि तरी कधीतरी कुणीतरी शिळाच आकडा वाचायचा. दोन महिने मी त्यापायी डोकं आपटत होतो.

घरी अप्पांचं हृदय थकलं होतं. रोज सकाळी त्यांना एक बारीक पांढरी गोळी असायची. त्या एका गोळीच्या घरात तीन चिठ्ठ्या! आम्ही तंजावरचे मराठी, बोलतो एक आणि वाचतो तीन. माझी चिठ्ठी इंग्रजीत, पाकिटात. वहिनी पापनाशमची, शिकली तमिळ शाळेत. तिची तमिळ चिठ्ठी स्वयंपाकघराच्या दाराला. आईची देवनागरीत, देवाच्या पेटीत. देवनागरी वाचणारी घरात ती, आणि तिने कान पिळून शिकवलेला मी. भाऊ मद्रासला नोकरीत, तेव्हा गोळी वहिनीच द्यायची. आई आपली चिठ्ठी नुसती जपून ठेवायची.

एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, औषध अंगात साचेल, उद्यापासून अर्धीच गोळी. घरी येऊन मी माझी चिठ्ठी खोडली, वहिनीकडून तिची खोडवून घेतली. आई जपाला बसली होती. जपात ती बोलत नसे, कुणी काही सांगितलं की नुसती मान हलवायची. अप्पा थट्टेने म्हणायचे, "घराला आग लागली म्हणून सांगा, तरी होय म्हणेल ती." मी दारातूनच सांगितलं, "आई, अप्पांची गोळी उद्यापासून अर्धी." तिने मान हलवली. मी चपला घातल्या आणि कॉलेजात गेलो. मला घाई होती ना, शिळा आकडा कुठून येतो ते शोधायची!

पंधरा दिवसांनी वहिनी तिच्या भावाच्या लग्नासाठी माहेरी गेली, चांगली दहा दिवस. गोळी द्यायचं काम आईकडे आलं. आईला मी सांगितलंच आहे म्हणून वहिनी निर्धास्त होती.

आठव्या दिवशी अप्पांनी ताट बाजूला सारलं. "भात पिवळा का गं?" आई म्हणाली, "पांढराशुभ्र आहे की. तुम्हांला काय होतंय?" मला वाटलं, मोतीबिंदू असेल, म्हातारपण, दुसरं काय. मग अन्न जाईना, उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी नाडी अगदी मंद लागली तेव्हा इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी किती देत होता?" "अर्धी," मी ठणकावून सांगितलं. माझ्या चिठ्ठीत अर्धीच होती. माझ्यावर विश्वास ठेवून ते दुसरं कारण शोधत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा गेले.

तेरावा झाल्यावर मी औषधांचा डबा आवरायला घेतला. वहिनी गोळी विळीवर चिरायची आणि उरलेला अर्धा तुकडा दुसऱ्या दिवसासाठी काचेच्या बाटलीत ठेवायची. ती माहेरी गेली तेव्हाचा तुकडा बाटलीत तसाच होता. पट्टीतल्या अख्ख्या गोळ्या मात्र दहा कमी झाल्या होत्या. पिवळा भात, उलट्या, मंद नाडी, सगळं त्या साचलेल्या औषधाचंच होतं. देवाची पेटी उघडून पाहिली. आईच्या वळणदार अक्षरात, कुठेही न खोडलेलं: सकाळी एक गोळी.

त्याच आठवड्यात नकलेतली चूकही सापडली. 'खोडा' असा निरोप आला की माझा प्रोसेसर तो रांगेत लावायचा आणि लगेच पोच पाठवायचा. प्रत खोडायचा नंतर, सवड मिळेल तेव्हा. मधल्या वेळात वाचलं तर शिळंच वाचलं जाणार. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, नियम मीच लिहिले होते. मी दोन ओळी बदलल्या, आधी खोडणं, मग पोच. कंपनीने पाठ थोपटली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आईला मी काही सांगितलं नाही. वहिनीलाही नाही, भावालाही नाही. अर्ध्या गोळीचा तुकडा मी मागच्या कालव्यात टाकला.

पुढे आईची नजर अधू झाली. एका सकाळी पूजा आटोपल्यावर तिने पेटीतून ती चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली.

"वाच रे एकदा. मला दिसत नाही."

"सकाळी एक गोळी," मी वाचलं.

"एकच ना?"

"एकच."

"मग झालं. मनात उगीच येतं रे कधी कधी. मी रोज एकच दिली, चुकले नाही."

"नाही चुकलीस, आई."

तिने मान हलवली, चिठ्ठी कपाळाला लावली आणि परत पेटीत ठेवली.