अस्सल गावठी मिळेल

आमच्या आत्याच्या तोंडी लागायचं नाही, हे नदीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक होतं. पुलाच्या अलीकडे तिची खानावळ: चार बाकं, एक खिडकी आणि खिडकीबाहेर तिचाच मळा. सकाळी मळ्यात जे निघेल तेच दुपारी ताटात. दोडके निघाले तर दोडके. कुणी "दुसरं काय आहे?" विचारलं की ती म्हणायची, "दार आहे."

असा स्वभाव असून खानावळ सत्तावीस वर्षं चालली, याचं श्रेय मी तिच्या हाताच्या चवीला देते. जिभेला मुळीच नाही.

मग पुलापलीकडे हॉटेल झालं. पदार्थांचे चकचकीत फोटो, बाराही महिने मटार. गाड्या तिकडे थांबायला लागल्या आणि आत्याच्या बाकांवर मांजर झोपायला लागलं. शहरातून मुलाचा फोन आला, "आई, महिनाअखेरीला गाडी घेऊन येतोय. तोवर गिऱ्हाईक वाढलं तर ठीक, नाहीतर कुलूप लाव आणि माझ्याकडे चल."

मुलगा वाईट नाही. पण त्याचं घर सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघर सुनेच्या ताब्यात, आणि आत्याला दोन दिवस कढईला हात लावू दिला नाही तर ती आजारी पडते. ती घाबरली होती. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"बोर्ड लाव," मी म्हटलं. "तुझ्याकडचं सगळं गावठी. शहरातले लोक हल्ली त्यावर जीव टाकतात."

पेंटरला मजकूर दिला: येथे अस्सल गावठी भाजी, अंडी आणि काकड्या मिळतील. पेंटरला हातभर अक्षरं काढायची खोड. 'गावठी'पर्यंत आला तेव्हा फळी संपत आली होती. त्याने डोकं चालवलं, उरलेल्या जागेत 'मिळेल' कोंबलं आणि घरी जेवायला गेला. मी त्या दिवशी बाहेरगावी. आत्याने चष्म्याशिवाय पाहिलं आणि म्हणाली, "मोठ्ठं झालंय. छान."

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत चारही बाकं भरली. आत्या हरखली. गिऱ्हाइकांचे डोळे जरा लाल होते आणि प्रत्येकाचं लक्ष दाराकडे होतं, पण तिला त्याचं काय?

पहिल्या बाकावरच्याने आवाज खाली आणला. "मावशी, गावठी आहे ना?"

"आहे की! आत्ताच काढलीय."

"पहिल्या धारेची?"

"पहिल्या तोड्याची!"

"कडक आहे का?"

"कडक कशाला असेल? कोवळी लुसलुशीत आहे. नख लावून बघ." आणि तिने त्याच्यासमोर काकडी ठेवली.

तो काकडीकडे बघत राहिला. मग आत्याकडे. मग रश्श्याचा वास आला, आणि एवढं चालत आलोच आहोत तर जेवून घेऊ, असा सगळ्या बाकांचा विचार झाला. तिसऱ्या दिवशी एकाची बायको भांडायला आली. नवरा शुद्धीवर बसून वांगी खातोय हे बघून तिने भांडायला खोचलेला पदर सोडला. तीही शेजारी टेकली.

परत आल्यावर मी कपाळाला हात लावला. "आत्या, अगं, लोकांना वाटतंय इथे दारू मिळते! पेंटरला बोलाव."

"काही नको," ती म्हणाली. "शब्द माझ्या काकडीचा. बाटलीवाल्यांनी पळवला होता, मी परत घेतलाय."

महिनाअखेरीला मुलगा आला, भांडी भरायला रिकामी खोकी घेऊन. त्याच्यामागोमाग दारूबंदीवाल्या साहेबांची जीप. पुलापलीकडून कुणीतरी तक्रार केली होती. बोर्ड बघून मुलाची पाचावर धारण बसली. "आई, तू दारू विकतेस?"

"गप रे! साहेबांना शोधू दे."

साहेबांनी एकूण एक बाटली हुंगली. तेल, तेल, तेल, माझं खोकल्याचं औषध.

"साहेब, तक्रारीत दम असेल तर मला न्या," आत्या म्हणाली. "पण आधी जेवा. उपाशी माणसाचं नाक धड चालत नाही."

साहेबांनी दोन ताटं संपवली. मग कागद काढून तिथेच अहवाल लिहिला आणि आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला: "'सदर ठिकाणी अस्सल गावठी मिळून आली. प्रमाण, दोन ताटं. सर्व माल जागीच नष्ट करण्यात आला.'" सही करत ते म्हणाले, "आजी, ठिकाण संशयास्पद आहे. दर गुरुवारी पथक घेऊन यावं लागेल. आम्ही नऊ जण आहोत."

जीप गेली. भरल्या बाकांकडे बघत आत्या एकदम रडायला लागली, चारचौघांत, पदरसुद्धा तोंडाला न लावता. महिनाभराची भीती होती ती. मुलगा खोकी हातात धरून तसाच उभा.

"मग हिला काय सांगू, आई?" त्याने हळूच विचारलं. "तुझी खोली आवरून ठेवलीय तिने."

आत्याने मनगटाने नाक पुसलं. "सांग, सासूबाई सापडल्या. सरकार सोडत नाही म्हणावं."