चेहऱ्यावरचा निळा थर

जगात झालेली कोणतीही गोष्ट पुसायची नसते, तिच्यावर फक्त दुसरा थर चढवायचा असतो, असं मानणारा आणि जन्मभर तसंच वागणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या फाट्यावर भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. एका अंगाला ढाबा, दुसऱ्या अंगाला पंक्चरचं दुकान, आणि मध्ये निळा पडदा लावून भाऊजी लोकांना हनुवटी वर करायला सांगत. १९९९ साली त्यांच्याकडे रोलचा कॅमेरा होता. पुढे दोन-तीन वर्षांनी कम्प्युटर आला, त्यात फोटो सुधारायचा प्रोग्राम आला, आणि भाऊजींना देव भेटावा तसं झालं. त्या प्रोग्राममध्ये मूळ फोटोला धक्का न लावता त्याच्यावर रंगाचा किंवा उजेडाचा एक पारदर्शक थर ठेवता येई. थराला एक मास्क असे. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढ्या जागी थर झाकला जाई, पांढरा फिरवला की पुन्हा उघडा पडे. आणि सगळ्याच्या तळाशी खरा फोटो जसाच्या तसा. मी शाळामास्तर, त्यामुळे मी वयाने दहा वर्षांनी लहान असूनही भाऊजी मला गुरुजी म्हणत. "गुरुजी, फोटोले हात लावाचा नाई," ते मला बजावत. "जे कराचं ते वरतून कराचं. उद्या अक्कल आली त वापस जाता आलं पायजे."

हे तत्त्व त्यांनी कम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर ताईचा संसार जरा सोपा झाला असता. पण भाऊजी भातात वरणसुद्धा कालवत नसत. भाताचा घास आधी, मग वाटीतलं वरण. धानाच्या मुलखात जन्मलेला माणूस असा जेवताना पाहून आमच्या बाबांना गुदमरल्यासारखं होई. "एकदा कालवलं का भात वापस भेटते का?" हा भाऊजींचा सवाल. स्टुडिओचा फोन नंबर बदलला तेव्हा त्यांनी पाटीवरचा जुना नंबर खोडला नाही, त्यावर नव्या नंबराची पत्र्याची पट्टी ठोकली. नंबर चारदा बदलला. शेवटी पाटी इतकी जड झाली की एका वादळात ती खाली आली आणि ढाबेवाल्याची खाट मोडली. भांडणात "चुकलं माझं" हे शब्द त्यांच्या तोंडून ताईने कधी ऐकले नाहीत. भाजी खारट आहे म्हणून ते ताडकन बोलत, मग ताईचा चेहरा पाहून त्यावर दुसरं वाक्य ठेवत, "पन मीठ चांगलं होय." ताई म्हणे, याईच्या जिभेलेच मास्क लावाले पायजे होता.

मात्र एका कामात हा माणूस हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, आधी लोक गेलेल्या माणसाचा फोटो करून मागायला येत. बऱ्याचदा जवळ एकच फोटो असे, कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या ओळीत अर्धा खांदा झाकलेला. त्या नखाएवढ्या चेहऱ्यावर भाऊजी दोन-दोन दिवस बसत. घरचे म्हणत, जरा गोरा करा. भाऊजी ऐकत नसत. "मेलेला मानूस भांडाले येत नाई," ते म्हणत, "म्हून आपनच त्याच्या बाजूनं रायलं पायजे." देवरीपासून सौंदडपर्यंत कितीतरी भिंतींवर त्यांनी केलेले चेहरे टांगलेले होते, आणि त्यातला प्रत्येक चेहरा खरा आहे, एवढीच त्यांची आयुष्यातली मिजास होती.

माझे बाबा गेले तेव्हा त्यांचाही फोटो अर्थात भाऊजींनीच केला. धान कापणीला आलं असताना त्यांनीच कधीतरी रोलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो होता तो. पिवळ्याधमक बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाबा उभे, डोक्याला दुपट्टा, अंगावर ऊन. भाऊजींनी तो कम्प्युटरवर घेऊन, मोठा करून, फ्रेम करून, स्वतः खांद्यावर घेऊन आणला. मागचं धान सोन्यासारखं पिवळं होतं, पण बाबांचा चेहरा निळसर होता. रोवणीच्या चिखलात भाजून विटेसारखा झालेला तो चेहरा नव्हताच. मी आईकडे पाहिलं, आईने पदर सावरला आणि म्हणाली, "बेस केलं, जवाईबापू." आमच्या घरी जावयाच्या कामात खोट काढायची रीत नाही. मीही "छान आहे" म्हणालो. शाळेत दिवसभर पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारणाऱ्या मी घरी येऊन शेपूट घातली, हे लिहितानाही लाज वाटते.

मग लक्षात येऊ लागलं की त्या काळातले भाऊजींचे सगळेच चेहरे निळे येत होते. गिऱ्हाइकांना वाटे, कम्प्युटरचा फोटो असाच असतो. गोंदियाच्या लॅबमधला माणूस एकदा म्हणाला, "भैया, चेहरा नीला आ रहा है," तर भाऊजींनी त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं आणि लॅब बदलली. मग मॉनिटर बदलला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं दोन वर्षं चाललं. चोर पकडला गेला तो रस्त्यावर. भाऊजींनी एका संध्याकाळी लाल एसटी समजून हात केला, गाडी थांबली, ते चढले आणि सौंदडचं तिकीट मागितलं. तो विटांचा ट्रक होता. हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण ड्रायव्हर भला होता, त्याने त्यांना सौंदडला सोडलं आणि उतरताना सांगितलं, "चाचा, आँख दिखा लो."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पन्नाशीतच. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा मी आणि ताई खाटेशी होतो. भाऊजींनी पलंगावरची चादर पाहिली. मग उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिली, मग डावा झाकून उजव्याने. असं सात-आठ वेळा केलं. "ह्या डोळ्यानं पांढरी दिसते," ते हळूच म्हणाले, "अन् ह्या डोळ्यानं हळद सांडल्यावानी. गुरुजी, चादर कशी होय?" मी म्हणालो, "पांढरी." त्यांनी चादरीवरून हात फिरवला. घरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांची बंदी मोडून, ते स्टुडिओत जाऊन बसले. मी गेलो तेव्हा कम्प्युटरच्या पडद्यावर बाबा होते. भाऊजी एकेक डोळा झाकून पाहत होते. डाव्या, आजारी डोळ्याला बाबा अगदी बरोबर दिसत होते. उजव्याला निळे. दोन वर्षं त्यांना प्रत्येक चेहरा पिवळा दिसला होता आणि प्रत्येक चेहऱ्यावर त्यांनी जीव ओतून निळा थर चढवला होता. धान पिवळंच असतं, म्हणून तिथे मात्र मास्कवर काळा ब्रश फिरवून तो थर झाकला होता. प्रोग्राममध्ये थराच्या शेजारी एक बारीक डोळ्याचं चित्र असतं, त्यावर दाबलं की थर मिटतो. भाऊजींनी दाबलं. आणि बाबा परत आले, विटेच्या रंगाचे, उन्हात डोळे बारीक केलेले.

"तुमाले दिसत होतं, गुरुजी?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. "मंग सांगतलं काऊन नाई गा? म्या त्याईच्या बाजूनं रायलो ना. तुमी माया बाजूनं कायले नाई रायले?"

पुढचे चार महिने भाऊजी पिशवीत नवे फोटो घेऊन गावोगाव हिंडले. कुणी फोटो बदलून घेतला, कुणी म्हणालं राहू द्या, आता याच चेहऱ्याची सवय झाली. तिथे ते हुज्जत घालत नसत, नवा फोटो कोनाड्यात ठेवून परत येत. आमच्या घरी ते सगळ्यात शेवटी आले. मला वाटतं त्यांना आईची भीती वाटत होती. आईने नवा फोटो दोन्ही हातांत धरला आणि दाराशी उजेडात नेला. मग म्हणाली, "दोन वर्स मले वाटे, याईले थंडी वाजून रायली. येवढ्या उन्हात उभे, अन् मानसाले थंडी काऊन वाजते? म्या कोनाले सांगतलं नाई. तुमी मनापासून केलं होतं ना." भाऊजी एकदम खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्यांना जुना फोटो फाडून टाकायचा होता. आईने फाडू दिला नाही. "त्यालेच हात जोडले इतके दिवस," ती म्हणाली.

त्यानंतर दोन्ही डोळे साफ होऊनही भाऊजींनी गेलेल्या माणसाचा एकही फोटो एकट्याच्या भरवशावर छापला नाही. घरच्यांना पडद्यासमोर बसवत आणि विचारत, "बरोबर पाहा. याईले थंडी त नाई वाजून रायली?" लोक चक्रावत, काही हसत. पण उत्तर मिळाल्याशिवाय भाऊजी पुढे सरकत नसत.

काही वर्षांनी आई गेली. एव्हाना फाट्यावरची गर्दी मोबाइलवर फोटो काढू लागली होती, स्टुडिओ नावालाच उघडा होता. आईचा फोटो झाल्यावर भाऊजींनी मला बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. "सांगा, गुरुजी." पडद्यावर आई होती, नेहमीसारखी पदर सावरून. फोटो छान होता, आणि "छान आहे" हे शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. मी पुन्हा पाहिलं. "जराशी वाजून रायली, भाऊजी," मी म्हणालो. "गालापाशी." त्यांनी वर पाहिलं नाही. नवा थर घेतला, त्यात थोडं ऊन भरलं, तो आधी सगळा झाकला, आणि पांढरा ब्रश तिच्या गालावरून हलक्या हाताने फिरवू लागले.

"आता?"

"अजून थोडं," मी म्हणालो, आणि मला रडू आलं.