माय आत बसणार

"पोट्टं आत, त माय आत." एवढंच म्हणून ती मठातल्या खोलीच्या दारात हात आडवा लावायची. धानाच्या रोवण्याच्या बांधीतून, शेतातून तशीच आलेली असायची. कोपरापर्यंत वाळलेला चिखल.

ती माझी शेजारीण. आमचं गाव पवनीकडचं. चातुर्मासात तळ्याच्या पाळीजवळच्या मठात एक महाराज मुक्कामाला येत. गावातली लेकरं ते एकेक करून खोलीत बोलवत. "बालकाच्या मुखी देव असतो, मायबाप बाहेर थांबा," म्हणत. आणि संध्याकाळी सभेत कुणाच्या घरात काय शिजतंय ते सांगत. लोक पाया पडत. तुम्हीही पडला असता.

तिची पोर नऊ वर्षांची. एका दुपारी तीही त्या खोलीत जाऊन आली. त्या संध्याकाळी महाराज भर सभेत म्हणाले, "या घरच्या सुनेचं मन माहेराकडे पळून राहिलं." नवऱ्यानं तिला अंगणात सगळ्यांदेखत मारलं. सासूनं तिला चूल बंद केली. ही रडता रडता कधीतरी पोरीजवळ बोलून गेली होती, तेच हे. पोरीला कळलं की आपल्याच तोंडून गेलं. त्या दिवसापासून ती घराबाहेर कुणाशी बोलेना.

मी म्हटलं, "जाऊ दे ना वो बाई."

"कायले जाऊ देऊ? त्याचंबी तोंड बंद करतो मी."

पुढच्या चातुर्मासात ती घरोघरी फिरली. आयांना हाताला धरून मठात न्यायची. ज्या आईला धीर होत नसे, तिच्या लेकरामागे स्वतः जाऊन बसायची. महाराजांनी विचारलं, "बाळा, घरी भांडणं होतात?" की ही म्हणायची, "तुमाले त सारं दिसते ना महाराज? लेकराले काहून इचारता?"

महाराज चिडले, शाप देतो म्हणाले. "द्या," म्हणाली, आणि पदर सारखा करून बसून राहिली.

मग सभेत महाराज अंदाजानं बोलू लागले. एका घरच्या म्हातारीला मरणपंथाला लावलं. ती पुढच्याच रांगेत सुपारी कातरत होती. आधी बाया हसल्या, मग सगळी सभा हसली. माझ्या शेजारी बसून ही मात्र हसली नाही. नुसती बघत होती, भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तशी.

चातुर्मास अर्धाच झाला होता, तेव्हा महाराजांची जीप निघाली. ही पोरीला घेऊन तळ्याच्या पाळीवर वाटेत उभी. जीप थांबली. महाराजांनी आतूनच हात जोडले.

"मले नोका जोडू. उतरा. हिले सांगा."

रस्त्याला आम्ही सगळे उभे होतो. नवराही होता, खाली मान घालून. महाराज उतरले, पोरीसमोर वाकले आणि पुटपुटले, "तुझी चूक नव्हती, बेटा."

"मोठ्यानं," ती म्हणाली.

त्यांना तीनदा म्हणायला लावलं तिनं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. तेव्हा पोरीनं आईचा पदर ओढला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, अजून एकडाव."