हात न लावायची पिल्लं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. संशोधन म्हणजे पांढरे उंदीर. जन्मल्यावर ज्या पिल्लांना रोज थोडा वेळ आईपासून उचलून हाताळलं, ती मोठेपणी घाबरल्यावर त्यांच्या रक्तात काय बदलतं, हे मला बघायचं होतं. तुलनेसाठीच्या पिंजऱ्यांतल्या पिल्लांना मात्र तीन आठवडे कुणी बोटही लावायचं नव्हतं. हे मामांना सांगायचं काम माझं होतं आणि ते राहून गेलं.

मामा म्हणजे उंदरांचं खाणंपिणं बघणारे गृहस्थ. सारं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. जवळच्या सिंदी रेल्वे या गावाहून पॅसेंजरने येत. एका सकाळी मी लवकर पोचले, तर ते तुलनेच्याच पिंजऱ्यातलं एकेक गुलाबी पिल्लू तळहातावर घेऊन पाठीवरून बोट फिरवत होते. मला पाहून हसले आणि काम चालूच ठेवलं. त्यांच्या घरी वासरू जन्मलं की पहिल्या दिवसापासून अंगावरून हात फिरवायची रीत होती. मग मानेवर जू ठेवताना ते बुजत नाही. तोच न्याय त्यांनी उंदरांना लावला होता.

मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. आधीच्या खेपेला रक्त काढताना एका उंदराने माझं बोट असं फोडलं होतं की आठवडाभर वरणभात चमच्याने खाल्ला. माणसाळलेला उंदीर कुणाला नको असतो? शिवाय मी पडले अतिशहाणी. दोन मिनिटं बोट फिरवल्याने काय बिघडतंय, म्हटलं.

बिघडलं. पिल्लं मोठी झाली, तपासण्या झाल्या आणि दोन्ही गट सारखेच शांत निघाले. माझ्या मार्गदर्शक सरांनी आम्हा दोघांना समोर उभं करून विचारलं, त्या पिल्लांना कुणी हात लावला होता का? मी म्हणाले, मला कल्पना नाही. मामांनी मात्र रोज लावत होतो असं सरळ सांगून टाकलं. मी पाहिलं होतं, हे ते बोलले नाहीत. सरांनी त्याच दिवशी त्यांना उंदरांवरून काढून मागच्या भट्टीवर टाकलं. तिथे मेलेली जनावरं जाळत. मला प्रयोग पुन्हा करायला मुदत वाढवून मिळाली.

ती खेप वाया गेली होती. सगळे उंदीर मारून पोत्यात भरले आणि ते पोतं घेऊन मलाच भट्टीवर जावं लागलं. मामांनी ते माझ्या हातून घेतलं, सारेच का, म्हणून विचारलं. मी मान हलवली. पोतं खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माफीचा शब्द निघेना. उलट उद्यापासून उंदरांवर नवीन माणूस येतोय, असलं काहीबाही बोलत राहिले.

मामांनी ऐकून घेतलं. आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता.

“त्याले पह्यल्याच दिवशी सांगून देजा, बाई. तुमी मले त्या सकाळी सांगतलं असतं, तं मी थांबलो असतो.”